टाकीतला ढेकर

बोदलकसा तलावाची पाळ चालायची तर सकाळी लवकर. गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातला हा मातीचा बांध १९१७ साली पूर्ण झाला. एका अंगाला पाणी, पलीकडे नागझिऱ्याच्या बाजूचं जंगल, आणि खाली धानाच्या बांध्या. नवखा माणूस पाळीवर चढला की पाण्याकडे बघतो, हिवाळ्यात आलेले पक्षी मोजतो. बांधाची काळजी वाहणारा माणूस मात्र पाण्याकडे पाठ करतो आणि पाळीच्या पायथ्याशी उतरतो. भर उन्हाळ्यात एखाद्याच जागी गवत हिरवं का आहे? माती ओलसर का लागते? झिरपणारं पाणी नितळ आहे की गढूळ? मातीच्या बांधातून थोडं पाणी झिरपायचंच, त्याची भीती नसते. गेल्या वर्षी होतं तेवढंच आणि नितळ असेल तर बांध ठीक आहे. जागा बदलली, धार वाढली किंवा पाणी गढूळ झालं, तर आतून माती वाहून चालली आहे असं समजायचं.

हे प्रकरण विमानाच्या इंजिनाचं आहे. तरीही सुरुवात या पाळीवरून केली, कारण छोट्या विमानाच्या सिलिंडरची तब्येत बघणारा मेकॅनिक दुसरं काही करत नाही. तोही गळती शोधतो. ती कुठून आहे, किती आहे आणि मागच्या वेळेपेक्षा वाढली आहे का, एवढंच त्याला हवं असतं.

गोंदिया जिल्ह्याला विमानं नवी नाहीत. बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली बांधली. पुढे बराच काळ ती सुस्त पडून होती. मग तिथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आली आणि डायमंड कंपनीच्या एका इंजिनाच्या डीए-४० व दोन इंजिनांच्या डीए-४२ विमानांचा आवाज धानाच्या शेतांना सवयीचा झाला. या प्रकरणातलं इंजिन मात्र त्याहून छोटं आहे. ते बघायला पश्चिमेला नागपूरला जावं लागतं, एनसीसीच्या हवाई शाखेकडे. २०१५ साली भारताने स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीकडून ‘व्हायरस एसडब्ल्यू ८०’ जातीच्या १९४ मायक्रोलाइट विमानांची खरेदी ठरवली. त्यांतली ७२ हवाई दलाला, १२ नौदलाला आणि सर्वांत जास्त, म्हणजे ११०, एनसीसीला. कॉलेजातली मुलं-मुली आयुष्यातलं पहिलं उड्डाण करतात ते याच विमानात. त्याच्या नाकात बसवलेलं ८० अश्वशक्तीचं इंजिन म्हणजे ऑस्ट्रियातलं रोटॅक्स ९१२.

चार सिलिंडर, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे, एकमेकांसमोर आडवे झोपलेले. एकूण आकारमान १,२११ घनसेंटिमीटर, म्हणजे एखाद्या लहान मोटारीएवढं. सिलिंडर हवेने थंड होतात, हेड पाण्याने. उड्डाण घेताना क्रँकशाफ्ट मिनिटाला ५,८०० फेरे मारतो. पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, इतका वेग झेपत नाही, म्हणून मध्ये गिअर असतो आणि पंखा त्याच्या निम्म्याहून कमी वेगाने फिरतो. प्रत्येक सिलिंडरला दोन, असे आठ स्पार्क प्लग. दोन स्वतंत्र इग्निशन, एक बंद पडलं तर दुसरं चालू राहावं म्हणून. आणि पोटाखाली ऑईलचा खड्डा नाही.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मोटारीच्या इंजिनाखाली एक तसराळं असतं, तिथे ऑईल साठतं. त्याला ओला संप म्हणायचं. रोटॅक्समध्ये ऑईल वेगळ्या टाकीत राहतं आणि नळ्यांतून इंजिनात येतं-जातं. हा झाला कोरडा संप. इंजिन त्यामुळे बुटकं होतं आणि सडपातळ विमानाच्या नाकात नीट मावतं. मराठी वाचकाला या व्यवस्थेची ओळख नाही असं मुळीच नाही. ओतीव लोखंडी सिलिंडरची जुनी बुलेट ज्यांनी चालवली, त्यांनी कोरडा संप वर्षानुवर्षं मांडीखाली वागवला आहे. तिचं ऑईल वेगळ्या कप्प्यात असतं, एक पंप ते पुढे पाठवतो आणि दुसरा मागे आणतो. रात्रभर उभ्या बुलेटमध्ये ऑईल हळूच क्रँककेसमध्ये उतरतं आणि सकाळी पट्टीवर ते कमी दिसतं. अनुभवी माणूस लगेच डबा उघडत नाही. आधी गाडी थोडी चालू ठेवतो, मग पट्टी बघतो.

रोटॅक्समध्येही सकाळी हीच फसगत होते, पण तिथलं कोडं अधिक मजेदार आहे. बुलेटला ऑईल परत आणणारा पंप असतो. रोटॅक्सला तो नाहीच. मग क्रँककेसच्या तळाशी आलेलं ऑईल टाकीत परत कोण नेतं?

गळती नेते. पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरतात, खालची सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल खरवडते. पण रिंग म्हणजे पूर्ण वर्तुळ नव्हे. तापल्यावर फुगायला जागा हवी म्हणून तिला एके ठिकाणी फट ठेवलेली असते. त्या फटीतून आणि कडेने थोडा वायू दर स्फोटाला खाली निसटतो. इतर इंजिनांत हा वायू म्हणजे नुसती कटकट, त्याला बाहेर काढायला वाट करून द्यावी लागते. रोटॅक्सच्या अभियंत्यांनी त्याला कामाला लावलं. क्रँककेस बंदिस्त ठेवली आणि तळातून टाकीकडे एक नळी दिली. निसटलेल्या वायूचा दाब ऑईलला त्या नळीतून ढकलत टाकीत नेऊन सोडतो. एक पंप वाचला, त्याचं वजन वाचलं, आणि बिघडू शकणारी एक वस्तू कमी झाली. अभियांत्रिकीत इतकी सुंदर काटकसर फार वेळा बघायला मिळत नाही.

आता सकाळची पाहणी बघू. विमानाच्या चाकांना अडण्या लावल्या आहेत. दोन्ही इग्निशन बंद, थ्रॉटल मागे. काउलिंगवरचं, म्हणजे इंजिनाच्या आवरणावरचं, झाकण उघडून मेकॅनिक ऑईलच्या टाकीचं बूच काढतो आणि तोंड उघडं ठेवतो. मग पंख्याच्या पात्याला तळहात लावून तो पंखा हळूहळू फिरवतो, फक्त ज्या दिशेने इंजिन फिरतं त्याच दिशेने. उलटा फिरवायचा नाही हे त्याला पहिल्या दिवशी शिकवलेलं असतं, कारण उलट्या फेऱ्यांनी ऑईलच्या वाटेत हवा शिरते आणि ऑईलवर चालणाऱ्या टॅपेटमध्ये ती अडकू शकते. एक फेरा, दोन फेरे, पाच, सात. पातं जड होतं, मग एकदम सुटतं, पुन्हा जड होतं. टाकीत काहीच हालचाल नाही. आणखी काही फेरे होतात आणि टाकीच्या तोंडातून घळघळ असा मोकळा आवाज येतो, जेवून उठलेल्या माणसाने ढेकर द्यावा तसा. तळातलं ऑईल टाकीत पोचलं आणि त्याच्यामागून हवा आली, असा त्याचा अर्थ. मगच पट्टी पुसून बुडवायची. पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत जेमतेम अर्ध्या लिटरचं अंतर असतं. ढेकराची वाट न बघता कुणी ऑईल ओतलं, तर टाकी गच्च भरते आणि इंजिन चालू झाल्यावर जास्तीचं ऑईल हवेच्या नळीतून बाहेर फेकलं जातं.

जुने मेकॅनिक एक युक्ती करतात. पातं जड लागलं की ते तिथेच दाबून धरतात, दोन-तीन सेकंद. सिलिंडरमध्ये कोंडलेली हवा तेवढ्यात रिंगांवरून खाली उतरते, क्रँककेसमधला दाब वाढतो आणि ढेकर लवकर येतो. या दोन-तीन सेकंदांत हाताला दुसरीही गोष्ट कळते. दाब टिकून पातं उलटं रेटत राहिलं, तर तो सिलिंडर दमदार आहे. पातं लगेच मऊ पडलं, तर हवा कुठूनतरी पळते आहे. गिअरमुळे पंख्याच्या एका फेऱ्यात साडेचार ते पाच वेळा असा चढ लागतो, म्हणजे चारही सिलिंडर एका फेऱ्यात हाताखालून जातात. एक चढ बाकीच्यांपेक्षा ठेंगणा लागला की हात थबकतो.

ही जाण फक्त विमानतळावरचीच आहे असं समजायचं कारण नाही. विहिरीवर डिझेल इंजिन बसवलेल्या शेतकऱ्यालाही ती असायची. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली आणि पुढच्या काही दशकांत तिची इंजिनं गावोगाव पोचली. वरची कळ उचलून हँडल मारायचं, चाकाने वेग घेतला की कळ सोडायची. कळ सोडल्यावर हँडलला झटका बसला नाही, तर घरातला पोरगाही सांगायचा, ‘कॉम्प्रेशन गेलंय.’ मग तालुक्याचा मिस्त्री यायचा आणि विचारायचा, इंजिन ऑईल पितं का? धूर निळा आहे का? दोन्हींचं उत्तर हो आलं की रिंगा, नाहीतर व्हॉल्व्ह. निदानाची ही रीत विमानातही तीच राहते. फरक एवढाच की विमानात अंदाजावर थांबता येत नाही.

थांबता का येत नाही, हे आरोही पंडितच्या उड्डाणावरून कळतं. मुंबईची ही २३ वर्षांची वैमानिक मे २०१९ मध्ये ‘माही’ नावाचं पिपिस्ट्रेल सायनस विमान एकटीने चालवत अटलांटिक महासागर ओलांडून गेली. स्कॉटलंडमधल्या विक इथून निघून आइसलंड आणि ग्रीनलंडला थांबत ती कॅनडातल्या इक्कालुइटला पोचली. हलक्या स्पोर्ट विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडणारी ती जगातली पहिली महिला. माहीच्या नाकात याच ९१२ घराण्यातलं एकच इंजिन होतं. खाली बर्फ आणि गार समुद्र, उतरायला जागा नाही, बरोबर कुणी नाही. अशा वेळी चार सिलिंडरपैकी एकाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळत आलेला असेल, तर ते जमिनीवरच कळलेलं हवं.

त्यासाठी दाब दाखवणाऱ्या दोन घड्याळांची चाचणी करतात. हँगरमध्ये तिला ‘डिफरन्शियल’ किंवा नुसतंच ‘कॉम्प्रेशन चेक’ म्हणतात. इंजिन चालवून गरम करायचं, कारण थंड धातूत फटी मोठ्या असतात आणि आकडा फसवा येतो. प्रत्येक सिलिंडरचा वरचा प्लग काढायचा. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून पंखा फिरवला की हवा अंगठा उचलू लागते, म्हणजे पिस्टन दाबाच्या वाटेने वर निघाला आहे. त्याला अगदी माथ्यावर आणून थांबवायचं आणि भोकात नळी बसवायची. नळीच्या दुसऱ्या टोकाला दोन घड्याळं आणि त्यांच्यामध्ये बारीक छिद्र. लहान सिलिंडरसाठी विमानउद्योगात वापरलं जाणारं हे छिद्र साधारण १ मिलिमीटर व्यासाचं असतं. पहिल्या घड्याळावर कॉम्प्रेसरची हवा ६ बारला स्थिर करायची. सिलिंडर अजिबात गळत नसेल, तर दुसरं घड्याळही ६ दाखवेल. गळत असेल, तर बारीक छिद्रातून येणारी हवा गळतीला पुरी पडत नाही आणि दुसरा काटा खाली बसतो. रोटॅक्सची मर्यादा २५ टक्क्यांची आहे, म्हणजे काटा साडेचार बारच्या खाली जाता कामा नये. मोठ्या लायकमिंग इंजिनांत हीच चाचणी दर चौरस इंचाला ८० पौंड दाबाने घेतात आणि ६० च्या खाली आकडा गेला की चौकशी सुरू होते. प्रमाण तेच, चौथा हिस्सा.

या चाचणीत एक माणूस फक्त पंखा धरायला उभा असतो, आणि त्याचं काम हलकं नाही. पिस्टनचा व्यास ७९.५ मिलिमीटर. त्यावर ६ बार दाब म्हणजे सुमारे ३०० किलोचा रेटा, तीन क्विंटल धानाचा भार. पिस्टन नेमका माथ्यावर आहे तोवर हा रेटा सरळ क्रँकशाफ्टवर तोलला जातो. तो केसभर पुढे-मागे सरकला की पंखा गर्रकन फिरतो. म्हणून हवा हळूहळू सोडायची आणि धरणाऱ्याने पात्याच्या वाटेत डोकं आणायचं नाही. सकाळी ऑईल बघतानाही हीच शिस्त. रोटॅक्सच्या इग्निशनला ठिणगी पडायला क्रँकशाफ्टचा वेग मिनिटाला सुमारे २२० फेरे लागतो, हाताने सावकाश फिरवताना तो येत नाही. तरीही प्रत्येक पंखा चालू इंजिनाचा आहे असं धरूनच हात लावतात. या धंद्यात हात गमावलेल्या माणसांच्या हकिगती आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच ‘स्विच तर बंद होता’ या वाक्याने सुरू होतात.

काटा खाली बसला की खरं काम सुरू होतं, आणि त्याला घड्याळ लागत नाही, कान लागतो. हवेला सिलिंडरमधून पळायला चारच वाटा आहेत. मेकॅनिक सायलेन्सरच्या तोंडाशी कान नेतो. तिथे सूं ऐकू आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही. कार्बुरेटरच्या तोंडाशी ऐकू आलं तर इनटेक व्हॉल्व्ह. पाण्याच्या टाकीत बुडबुडे उठले तर हेडला चीर किंवा सांध्यात दोष. आणि ऑईलच्या टाकीच्या उघड्या तोंडातून आवाज आला तर रिंगा. सकाळी ढेकर दिला तेच हे तोंड. रिंगांवरून निसटलेली हवा क्रँककेसमधून त्याच नळीने टाकीत येते. पाळीच्या पायथ्याशी ओल कुठे दिसते त्यावरून आतली वाट ओळखायची, तसंच हे. रिंगांची थोडी सूं कायम असणारच, तिच्याच जोरावर ऑईल परत येतं. पण एक्झॉस्टमधली सूं कधीच चांगली नाही. व्हॉल्व्हची कड जिथे बसत नाही, तिथून दर स्फोटाला आगीची जीभ निघते आणि ती फट स्वतःच स्वतःला रुंद करत जाते.

तरीही एका आकड्यावर सिलिंडर उतरवायला निघणं हा उतावळेपणा आहे. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये कार्बनचा एक कण अडकला तरी काटा झपकन खाली येतो. पिस्टनवर रिंगा हळूहळू फिरत असतात. दोघींच्या फटी एका रेषेत आल्या की त्या दिवशी आकडा वाईट येतो, पुढच्या आठवड्यात तेच इंजिन उत्तम दाखवतं. त्यामुळे गळती काठावरची असेल आणि एक्झॉस्टमधून येत नसेल, तर इंजिन पुन्हा चालवायचं, गरम करायचं आणि परत मोजायचं. इंजिन उगाच खोलण्याचा धोकाही खरा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाने लिबरेटर विमानांच्या दुरुस्त्यांच्या नोंदी तपासल्या. विमान जितके तास उडतं तितके बिघाड वाढत जातील आणि तपासणीनंतर एकदम कमी होतील, अशी सर्वांची समजूत होती. नोंदी उलटं सांगत होत्या. दर ५० तासांच्या तपासणीनंतर लगेच बिघाड वाढत होते आणि पुढे कमी होत जात. चांगलं चालणारं यंत्र खोलण्यात काहीतरी बिघडत होतं. तपासण्यांमधलं अंतर वाढवल्यावर विमानं जास्त तास उडू लागली. हँगरमध्ये काम शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट सांगायला हवी.

रोटॅक्सच्या बाबतीत तर घाई आणखी महाग पडते. बुलेटचा सिलिंडर झिजला तर लेथवर नेऊन बोअर करून घेता येतो. ९१२ च्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण लेप असतो. तो खरवडून मोठा पिस्टन टाकण्याची सोय नाही, सिलिंडर बदलावाच लागतो.

म्हणून घड्याळाच्या आकड्याला इतर साक्षी जोडून बघतात. काढलेले प्लग क्रमाने मांडतात. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण नीट आहे, काजळीसारखं काळं असेल तर पेट्रोल जास्त होतंय, आणि ओलं तेलकट असेल तर ऑईल वर चढतंय. प्लगच्या भोकातून बोरोस्कोप, म्हणजे टोकाला दिवा असलेला बारीक कॅमेरा, आत सोडतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडावरचे रंगांचे गोल एकाच केंद्राभोवती असतील तर उष्णता सगळीकडून सारखी निघते आहे. रंग एका कडेला सरकलेले दिसले, तर तिथेच जळायला सुरुवात झाली आहे, मग आकडा अजून चांगला असला तरी. ऑईल फिल्टर कापून आतला कागद घडी-घडी उलगडतात, उन्हात धरतात आणि त्यावरून चुंबक फिरवतात. चमचमणारा कण चुंबकाला चिकटला तर पोलाद, म्हणजे गिअर, रोलर किंवा रिंग. चिकटला नाही तर ॲल्युमिनियम असण्याची शक्यता, आणि नजर पिस्टनकडे जाते.

इंधनाचाही यात हात आहे. विमानाचं १००एलएल पेट्रोल अजून शिसेयुक्त आहे. भारतात ते बराच काळ आयातच होत होतं, सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑईलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत तयार केलेलं पेट्रोल बाजारात आणलं. रोटॅक्स साध्या बिनशिशाच्या मोटार-पेट्रोलवरही चालतं आणि त्यावर जास्त सुखी असतं. शिशाचा राखाडी गाळ रिंगांच्या खाचांत आणि ऑईलच्या टाकीच्या तळाशी बसतो. रिंग खाचेत चिकटली की ती भिंतीला टेकत नाही आणि दाब धरत नाही. म्हणून शिसेयुक्त पेट्रोलवर जास्त उडणाऱ्या इंजिनाचं ऑईल एरवीपेक्षा लवकर, २५ तासांनी बदलायला कंपनी सांगते. प्रशिक्षणाच्या विमानाला हे पाळणं जड जातं, कारण ते दिवसाकाठी कित्येक तास उडतं आणि आठवड्याभरात २५ तास भरतात.

या सगळ्याची किंमत लॉगबुकात उतरते तेव्हा कळते. समजा एका इंजिनाचे चार आकडे आले: ५.६, ५.५, ५.६, ४.९. मर्यादेच्या हिशेबाने चारही पास. पण मागच्या चाचणीत तिसऱ्या रकान्यापर्यंत सगळं असंच होतं आणि चौथा ५.५ होता. नुसता आजचा कागद बघणारा सही करून मोकळा होईल. मागची दोन पानं उलटणारा चौथ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टशी कान नेईल, प्लग पुन्हा हातात घेईल, कॅमेरा आत घालेल आणि पुढच्या चाचणीची तारीख अलीकडे आणेल. शेऱ्याच्या रकान्यात त्याला एवढंच लिहायचं असतं: हवा कुठून येते.

मग प्लग ठरलेल्या ताकदीने आवळायचे, प्रत्येक वायर आपापल्या जागी, नळ्या गुंडाळून ठेवायच्या. हत्यारं मोजून पेटीत, एकही काउलिंगखाली राहिलेलं नाही याची खात्री करून. शेवटी टाकीचं बूच पुन्हा काढून पंखा हाताने फिरवायचा, सुलट्या दिशेने, सावकाश. चौथा चढ येतो तिथे हात जरा जास्त वेळ थांबतो. टाकी ढेकर देते. पट्टी पुसून बुडवतात, पातळी खुणांच्या मध्ये आहे. बूच बसतं, काउलिंगच्या कळा लागतात, आणि धावपट्टीच्या कडेला कॅडेट आपल्या पाळीची वाट बघत उभी असते.